हृदयातली सामाईक भिंत: घड्याळाला न दिसणारे दोन मिलिमीटर



एरवी मी इथे बॅटरी, कॅमेरा सेन्सर, अ‍ॅपच्या परमिशन असल्या विषयांवर लिहितो. आज विषय जरा वेगळा आहे, पण सुरुवात एका गॅजेटपासूनच होते.

गेल्या दिवाळीत मी बाबांना स्मार्टवॉच घेऊन दिलं. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. घड्याळाचा त्यांचा वापर दोनच गोष्टींसाठी: पावलं मोजणं, आणि माझा फोन आला की मनगटावर कशी थरथर होते ते शेजारच्या काकांना दाखवणं. फेब्रुवारीत एका सकाळी त्यांनी मला स्क्रीनचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "हे काय म्हणतंय बघ." हृदयाचे ठोके अनियमित वाटतात, डॉक्टरांना दाखवा, असं ते म्हणत होतं. मी लगेच फोन लावला. "बाबा, तुम्ही आधी बसा. छातीत दुखतंय का?" "नाही रे. रात्री जरा धडधडत होतं. आणि चार वेळा लघवीला उठलो, एवढंच."

गावातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि पुण्याला पाठवलं. निदान झालं एट्रियल फिब्रिलेशन. म्हणजे हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. गोळ्या झाल्या, दोनदा बदलल्या, तरी धडधड परत परत यायची. मग डॉक्टरांनी अ‍ॅब्लेशन सुचवलं. मांडीच्या शिरेतून एक बारीक नळी वर नेणार, ती हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पोचणार, तिथून मधली भिंत सुईने पार करून डाव्या वरच्या कप्प्यात जाणार, आणि गडबड करणाऱ्या जागेवर डाग देणार.

मी "मधली भिंत सुईने पार करून" इथेच अडकलो. समोर संमतीपत्र, हातात पेन, आणि डोक्यात एकच प्रश्न: चांगल्या भिंतीला भोक पाडणार? डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भिंत पार करणं अवघड नाही. भिंत जिथे आहे तिथेच पार करणं महत्त्वाचं."

भिंत जिथे आहे तिथेच? भिंत तर दोन कप्प्यांच्या मध्ये सगळीकडेच असणार ना? पुढचे दहा दिवस मी ऑफिस संपल्यावर फक्त याचाच शोध घेतला. जे हाती लागलं ते खाली मांडतोय.

पुस्तकातली रेघ विसरा

शाळेतली हृदयाची आकृती आठवा. वर दोन अलिंदं, खाली दोन निलयं, आणि मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ रेघ. आपण ती पेन्सिलीने काढली, नावं दिली, दोन मार्क घेतले. ती रेघ म्हणजे घरातल्या दोन खोल्यांमधली विटांची भिंत असावी, असंच आपल्याला वाटतं.

खालच्या दोन निलयांपुरतं ते बऱ्यापैकी बरोबर आहे. तिथे खरंच जाडजूड स्नायूंची भिंत असते. वरच्या दोन अलिंदांमध्ये मात्र प्रकार निराळा आहे.

कोकणात किंवा जुन्या पेठांमध्ये दोन घरं अगदी खेटून असतात, पण मध्ये हातभर बोळ असते. समोरून बघितलं तर दोन्ही घरं चिकटलेली वाटतात. तुम्ही तुमच्या खोलीतून ड्रिल मारून शेजारच्या खोलीत जायचं ठरवलं, तर आधी तुमची भिंत लागेल, मग बोळ, आणि मग शेजाऱ्याची भिंत. बोळ म्हणजे घराच्या बाहेरची जागा. याउलट काही ठिकाणी दोन घरांमध्ये एकच भिंत असते. कागदपत्रांत तिला सामाईक भिंत म्हणतात. तिला भोक पाडलं तर तुम्ही थेट शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात.

अलिंदांच्या मधली "भिंत" बहुतेक ठिकाणी बोळवाली आहे. उजव्या अलिंदाची भिंत, डाव्या अलिंदाची भिंत, आणि मध्ये बाहेरून आत दुमडलेली खाच, जिच्यात चरबी भरलेली असते. खरी सामाईक भिंत एकाच छोट्या भागात असते. उजवीकडून पाहिलं तर तिथे लंबगोल खळगा दिसतो. त्याला फॉसा ओव्हॅलिस म्हणतात. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढा, बऱ्याच जणांत त्याहून लहान. खळग्याचा तळ आणि त्याच्या पुढच्या-खालच्या कडेचा थोडा भाग, एवढीच खरी भिंत.

हृदयाच्या शरीररचनेवर आयुष्यभर काम केलेले रॉबर्ट अँडरसन आणि सियू येन हो यांनी खऱ्या भिंतीची जी कसोटी मांडली, ती मला कोडच्या टेस्ट केससारखी वाटली: जो भाग कापून काढला तरी तुम्ही हृदयाच्या बाहेर पडत नाही, तोच भाग खरी भिंत. बाकी सगळी घडी.

घडी पडली कशी

हे समजायला जन्माच्या आधी जावं लागतं. पोटातल्या बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात, ऑक्सिजन आईकडून वारेतून मिळतो. त्यामुळे सगळं रक्त फुप्फुसांकडे पाठवण्यात अर्थ नसतो. उजव्या अलिंदातून डाव्या अलिंदात थेट जाण्यासाठी एक शॉर्टकट लागतो.

आधी वरून एक पातळ पडदा खाली वाढत येतो. तो खाली पूर्ण टेकण्याआधीच त्याच्या वरच्या बाजूला भोक पडतं. नंतर उजव्या बाजूने दुसरा "पडदा" येतो. पुस्तकांत त्यालाही पडदाच म्हणतात, पण तो छताची आत आलेली घडी आहे. चादरीला चिमटा काढून वर ओढलं की कशी दुमड पडते, तशी. पहिला पातळ पडदा आणि दुसरी जाड घडी एकमेकांवर येतात आणि मध्ये एक तिरका रस्ता राहतो. दार असावं तसा, पण एकाच बाजूला उघडणारा.

बाळ जन्मतं, पहिला श्वास घेतं, फुप्फुसं उघडतात, तिथून डाव्या अलिंदात भरपूर रक्त यायला लागतं. डावीकडचा दाब वाढतो, पातळ पडदा घडीवर दाबला जातो, आणि दार बंद. पुढच्या काही महिन्यांत ते चिकटतंही.

सगळ्यांचं चिकटत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये ९६५ निरोगी हृदयांची शवविच्छेदनात तपासणी झाली होती. १९८४ साली त्याचे निकाल आले: २७.३ टक्के हृदयांत हे दार लोटलेलं होतं, पण चिकटलेलं नव्हतं. म्हणजे हे वाचणाऱ्या चौघांपैकी एकाला असू शकतं, आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. आपण ज्याला "हृदयाला छिद्र" म्हणतो ते हे नाही. त्यात पातळ पडद्याचा भागच कमी पडलेला असतो आणि भोक कायम उघडं राहतं.

मायक्रोस्कोपखाली

माझी शाळेतली एक मैत्रीण पॅथॉलॉजीत एमडी करतेय. तिला सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वाचत काय बसलायस, ये, दाखवते." शिकवण्यासाठी ठेवलेल्या स्लाइड्समध्ये एका प्रौढ हृदयाच्या या भागाची स्लाइड होती. कुणाची ते मला माहीत नाही, पण बघण्याआधी मनातल्या मनात नमस्कार केला.

स्लाइड कशी बनते ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय चित्र फसवतं. ऊतीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये टिकवतात. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढतात, झायलीनने अल्कोहोल काढतात, आणि त्या जागी वितळलेलं मेण भरतात. मेण घट्ट झालं की मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे चार-पाच मायक्रॉनचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे दहाबारा काप सहज बसतील. मग रंग देतात. नेहमीच्या रंगात पेशींची केंद्रकं जांभळी आणि बाकीचं गुलाबी दिसतं. दुसरा एक रंग आहे, मॅसन ट्रायक्रोम. त्यात स्नायू लाल आणि कोलॅजनचे धागे निळे दिसतात. आमच्याकडे दोन्ही होते.

काप आडवा घेतलेला होता, म्हणजे उजव्या अलिंदापासून डाव्या अलिंदापर्यंतचे सगळे थर एकाच वेळी दिसत होते. मैत्रिणीने आधी जाड कडेवर नेलं. उजव्या टोकाला एक नाजूक अस्तर. त्याखाली लाल स्नायूंचे जुडगे. आणि मग अचानक पांढरी जाळी. मधमाश्यांच्या रिकाम्या पोळ्यासारखी. मला वाटलं स्लाइड खराब झालीय. "ती चरबी आहे," ती म्हणाली, "अल्कोहोल आणि झायलीनमध्ये विरघळून गेली, नुसती पेशींची घरं उरलीत." त्या जाळीत मधूनमधून रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचे ठिपके होते. जाळीच्या पलीकडे परत लाल स्नायू, आणि मग डाव्या बाजूचं अस्तर.

हीच ती बोळ. चरबी, रक्तवाहिन्या, नसा, सगळं हृदयाच्या बाहेरचं सामान, दोन भिंतींच्या मध्ये. चरबीचं प्रमाण माणसागणिक बदलतं. काही जणांत हा भाग २० मिलिमीटरपेक्षाही जाड होतो, म्हणजे अडीच स्मार्टफोन एकमेकांवर ठेवल्यावर होईल एवढा. गंमत म्हणजे तेव्हाही खळग्याच्या तळात चरबी शिरत नाही. स्कॅनमध्ये मग ती भिंत व्यायामशाळेतल्या डंबेलसारखी दिसते, दोन्हीकडे फुगीर आणि मध्ये बारीक.

मैत्रिणीने स्लाइड हळूहळू सरकवली. "आता बघ. पांढरं संपतं तिथून खरी भिंत." पोळं निमुळतं होत गेलं आणि संपलं. दोन्ही बाजूंची अस्तरं जवळ आली. मध्ये राहिली निळ्या धाग्यांत गुंफलेली लाल स्नायूंची पातळ पट्टी. काही ठिकाणी लाल दोन थरांत स्पष्ट दिसत होतं, काही ठिकाणी तुटक, आणि एका जागी तर लाल जवळजवळ नव्हतंच, नुसतं निळं. सगळं मिळून जाडी एक ते दोन मिलिमीटर. तुमच्या पाकिटातलं एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटरचं असतं. म्हणजे दोन कार्डं. शरीरातलं ऑक्सिजन कमी झालेलं रक्त आणि फुप्फुसातून ताजं होऊन आलेलं रक्त, यांच्यामध्ये त्या जागी एवढंच काय ते असतं.

आता थोडं झूम करू.

सगळ्यात बाहेरचं अस्तर म्हणजे एंडोथेलियम, चपट्या पेशींचा एकच थर. हाच थर तुमच्या सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून असतो. त्याखाली कोलॅजनचे आणि लवचीक इलास्टिनचे धागे. डावीकडचं अस्तर उजवीकडच्यापेक्षा जाड असतं, हे स्लाइडवर माझ्यासारख्या नवख्यालाही दिसलं.

स्नायूंच्या पेशी मला सगळ्यात जास्त आवडल्या. दंडाच्या स्नायूसारखे त्यांच्यावर आडवे पट्टे असतात, पण दंडातले धागे सरळसोट असतात आणि या पेशींना फाटे फुटतात. एक पेशी दोघींना जोडलेली, त्या आणखी दोघींना. जिथे दोन पेशी टोकाला भेटतात तिथे गडद रेघ दिसते. त्या रेघेत दोन प्रकारचं काम चालतं. एक म्हणजे घट्ट पकड, नाहीतर प्रत्येक ठोक्याला पेशी एकमेकींपासून सुटतील. आणि दुसरं म्हणजे कनेक्शन. कनेक्झिन नावाच्या सहा प्रथिनांची एक नळी या पेशीची, सहांची दुसरी नळी त्या पेशीची, दोन्ही तोंडाला तोंड लावून एक बोगदा. त्यातून विद्युतभारित कण सरळ इकडून तिकडे जातात. म्हणजे प्रत्येक पेशी स्वतःच वायर पण आहे आणि मोटर पण. एवढं सुटसुटीत डिझाइन मी तरी ऑफिसात कधी पाहिलेलं नाही.

काही पेशींच्या केंद्रकाशेजारी पिवळट तपकिरी कण होते. वय वाढलं की साचणारं ते रंगद्रव्य, पेशीतला जुना कचरा. कॅशे म्हणा, पण क्लिअर न होणारी.

अलिंदाच्या स्नायुपेशींत आणखी एक गोष्ट असते, जी साध्या मायक्रोस्कोपला दिसत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तिथे बारीक गोळ्या दिसल्या आणि त्या कशासाठी ते कुणालाच कळेना. १९८१ मध्ये कॅनडात अडोल्फो डी बोल्ड यांच्या गटाने उंदरांच्या अलिंदाचा अर्क काढून दुसऱ्या उंदरांना टोचला. त्या उंदरांची लघवी आणि तिच्यातून जाणारं मीठ एकदम वाढलं. गोळ्यांत संप्रेरक होतं. अलिंद ताणलं गेलं की ते रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, पाणी आणि मीठ बाहेर टाका. हृदय नुसता पंप नाही, ग्रंथीसुद्धा आहे, हे तेव्हा पक्कं झालं. हे वाचताना मला बाबांचं "चार वेळा लघवीला उठलो" आठवलं. धडधडीचा झटका चालू असताना काही जणांना असं होतं, आणि त्यामागे हे संप्रेरक असू शकतं. आम्ही ते साखरेवर ढकललं होतं.

मी आयपीसला मोबाइलचा कॅमेरा लावून फोटो काढले. टिप देतो: डिजिटल झूम वापरू नका, लेन्स आयपीसपासून बोटभर लांब धरून गोल पूर्ण दिसेपर्यंत पुढे-मागे करा, आणि एक्स्पोजर लॉक करा. नाहीतर पांढऱ्या उजेडात सगळं धुवून जातं.

सिग्नल बोळ कसा ओलांडतो

ठोक्याचा सिग्नल उजव्या अलिंदात वरच्या बाजूला जन्मतो. ती जागा कीथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये दाखवून दिली. पण डावं अलिंद बोळीपलीकडे आहे, आणि चरबीतून सिग्नल जात नाही. मग तो पूल शोधतो. सगळ्यात मोठा पूल पुढच्या-वरच्या बाजूला असतो, बाकमन बंडल. जॉर्ज बाकमन यांनी १९१६ मध्ये त्याचं काम दाखवलं. आणखी पूल मागे-खाली कोरोनरी सायनसजवळ आणि खळग्याच्या कडेला असतात. हे काही वेगळ्या प्लास्टिकच्या वेष्टनातल्या वायर नाहीत. साध्याच स्नायुपेशी, फक्त एका दिशेत नीट रांगेत लागलेल्या. रांगेत असल्यामुळे सिग्नल भराभर जातो.

आता याच पेशींच्या मध्ये निळे धागे वाढले तर? वयाने, वाढलेल्या रक्तदाबाने, अलिंद ताणलं गेल्याने ते वाढतात. सिग्नलला वळसे घ्यावे लागतात, कुठे तो हळू होतो, कुठे फिरून परत त्याच जागी येतो. फिब्रिलेशनला अशी जमीन लागते. मग अलिंदात मिनिटाला ३५० ते ६०० वेळा विस्कळीत ठिणग्या पडत राहतात. रक्त कोपऱ्यात साकळतं, गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी त्यासाठीच होती.

घड्याळाला यातलं काय दिसतं

घड्याळ मागच्या हिरव्या उजेडाने मनगटातल्या रक्ताची चढउतार बघतं आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मोजतं. ठोके वेडेवाकडे आले तर सूचना. अ‍ॅपलच्या घड्याळावर अमेरिकेत ४,१९,२९७ लोकांचा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या २,१६१ जणांना, म्हणजे ०.५२ टक्के लोकांना अशी सूचना आली. ज्यांना सूचना आली आणि ज्यांनी नंतर छातीला पॅच लावून तपासलं, त्यांच्यात साधारण एक तृतीयांश लोकांत पॅचवर फिब्रिलेशन सापडलं. पॅच बऱ्याच दिवसांनी लागला आणि फिब्रिलेशन येत-जात असतं, त्यामुळे उरलेल्यांना सूचना चुकीचीच होती असं म्हणता येत नाही. सूचना आली की घाबरून जाऊ नका, आणि डिसमिस पण करू नका.

घड्याळाच्या कडेला बोट ठेवून ईसीजी काढता येतो तो दोन हातांमधला, एकाच कोनातला. त्यात प्रत्येक मोठ्या टोकाआधी एक छोटा उंचवटा असतो, पी वेव्ह. त्याचा पहिला भाग उजव्या अलिंदाचा, नंतरचा डाव्याचा. म्हणजे सिग्नलने बोळ ओलांडल्याची ती सही आहे. निरोगी माणसात ती १२० मिलिसेकंदांच्या आत संपते, ईसीजीच्या कागदावर तीन लहान चौकटी. पूल खराब झाले की ती लांबते. फिब्रिलेशनमध्ये ती गायबच होते, नुसती थरथरती रेघ. बाबांच्या पीडीएफमध्ये मी तासभर पी वेव्ह शोधत होतो.

पण भिंत? तिची जाडी, खळगा, चरबी, दार चिकटलंय की नाही, यातलं काहीही घड्याळाला कळत नाही. कुठलंही अ‍ॅप तसं सांगत असेल तर अनइन्स्टॉल करा.

इकोत दिसलेलं भोक

भिंत बघायची तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. बाबांच्या इकोला मी आत उभा होतो. स्क्रीनवर चारही कप्पे आले आणि वरच्या दोघांमधल्या रेघेत मला सरळ काळी फट दिसली. पोटात गोळा आला. "मॅडम, इथे भोक आहे का?"

टेक्निशियन मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. म्हणाल्या, "ती ड्रॉपआउट आहे. तिथे पडदा फार पातळ असतो आणि या कोनातून आवाजाच्या लहरी त्याला समांतर जातात. परत काही येत नाही, म्हणून काळं दिसतं." मग त्यांनी प्रोब बरगड्यांच्या खाली नेला. आता लहरी भिंतीवर सरळ आपटत होत्या, आणि फटीच्या जागी बारीक अखंड रेघ उमटली. रंगीत डॉपलर लावला, कुठेही पार जाणारं रक्त नाही. बाबा पडल्या पडल्या सगळं ऐकत होते.

सुई

भिंतीतून जायची कल्पना नवी नाही. १९५९ मध्ये अमेरिकेत जॉन रॉस यांनी डाव्या अलिंदातला दाब मोजण्यासाठी ही पद्धत मांडली. १९८४ मध्ये जपानच्या कांजी इनोउए यांनी याच वाटेने फुगा नेऊन अरुंद झालेली झडप उघडण्याचं तंत्र प्रसिद्ध केलं. संधिवाताच्या तापाने झडप खराब होणं आपल्या देशात खूप, त्यामुळे भारतातल्या डॉक्टरांचा हात या वाटेवर चांगलाच बसलेला आहे. आणि १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हायसागेर यांच्या गटाने दाखवलं की फिब्रिलेशन सुरू करणाऱ्या ठिणग्या बहुतेक वेळा फुप्फुसातून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उडतात. त्या शिरा डाव्या अलिंदात उघडतात. म्हणून तिकडे जायचं.

डॉक्टर नळी आधी वरच्या मोठ्या शिरेपर्यंत नेतात आणि मग हळूहळू खाली ओढतात. टोक घडीच्या जाड कडेवरून घसरत येतं आणि खळग्यात टपकन पडतं. ती उडी पडद्यावर दिसते, हातालाही जाणवते. मग सुई किंचित पुढे दाबली की पातळ तळ तंबूसारखा पलीकडे ताणला जातो. तंबू दिसला म्हणजे तुम्ही सामाईक भिंतीवर आहात. जाड कडेवर असा तंबू होत नाही. तिथून नेट लावून सुई घातली तर ती बोळीत, म्हणजे हृदयाबाहेर जाऊ शकते. आणि रक्त पातळ करायचं औषध चालू असताना तिथून गळलेलं रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत साचलं तर हृदयाला फुलायला जागा उरत नाही. जास्त पुढे गेलात तर शेजारी महाधमनीचं मूळ आहे.

मैत्रिणीने दाखवलेली ती पांढरी जाळी मला तेव्हा परत दिसली. "पांढरं संपतं तिथून खरी भिंत." डॉक्टरांचं वाक्यही तेच होतं. मी सही केली.

प्रक्रिया तीन तास चालली. आई बाकावर जपमाळ घेऊन, मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत. नंतर डॉक्टरांनी क्लिप दाखवली: राखाडी पडद्यावर एक बारीक रेघ, तिला टोक टेकतं, तंबू होतो, आणि टोक पलीकडे जाऊन तंबू परत सपाट होतो. तीन-चार मिलिमीटरची नळी त्यातून गेली. एवढं छिद्र बहुतेकांत काही महिन्यांत आपोआप बुजतं, थोड्यांत राहतं, म्हणून नंतर बघायचं, असं ते म्हणाले.

तीन महिन्यांनी परत इको झाला. त्याच मॅडम. डॉपलरमध्ये पार जाणारा प्रवाह नव्हता. त्या नेहमीच्या कोनातून काळी फट मात्र पुन्हा तशीच दिसली. या वेळी मी गप्प बसलो. बाबांनीच मान वळवून स्क्रीनकडे बघितलं आणि विचारलं, "ही ड्रॉपआउटच ना, मॅडम?"